जाळीपलीकडचा साक्षीदार

ग्रंथाचे परीक्षण करताना त्याची भाषा, रचना व विचार यांचा परामर्श घ्यावा, असा प्रघात आहे. परंतु काही ग्रंथ असे असतात, की ते वाचून मिटल्यावर आपण काय बोलावयाचे थांबवतो, यावर त्यांची किंमत ठरते. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंचा ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ हा 1992 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या जातीचा आहे. मनावरील आघात आणि त्यातून सावरणे, हा त्याचा विषय. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर तो आम्ही पुन्हा हाती घेतला, त्यास एक घरगुती कारण आहे. आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुलेमुली अमेरिकेत स्थिरावली आहेत. त्यांच्या बोलण्यात अलीकडे येते, की आपण दर आठवड्यास संगणकाच्या पडद्यावर एका ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड क्लिनिकल सोशल वर्कर’शी बोलतो. इकडे आईवडिलांना उमगत नाही, की या व्यक्तीस डॉक्टर म्हणावे, समाजसेविका म्हणावे, की पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंची जागा तिने घेतली म्हणावे. या प्रश्नाचे उत्तर जाहिरातींत सापडत नाही. ते या व्यवसायाच्या मूळ ग्रंथांत शोधावे लागते आणि हर्मनबाईंचा ग्रंथ त्यांपैकी एक प्रमुख होय.

ग्रंथाकडे वळण्यापूर्वी आपल्याच पवित्र शास्त्रातील एक कथा आठवू या. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 13व्या अध्यायात दावीद राजाची कन्या तामार हिची कथा आहे. तिचा सावत्र भाऊ अम्नोन आजारपणाचे सोंग करतो, आणि बापाच्याच सांगण्यावरून ती त्याच्यासाठी पोळ्या भाजावयास जाते. ती विनवते, विरोध करते. तो तिच्यावर बलात्कार करतो आणि मग चाकराकरवी तिला बाहेर काढून दाराला अडसर लावून घेतो. ती डोक्यावर राख घालते, अंगावरचा झगा फाडते, आक्रोश करीत जाते. सख्खा भाऊ अबशालोम तिला आसरा देतो आणि त्याच दमात गप्प राहावयास सांगतो. तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस, असे बजावतो. राजा संतापतो, पण करीत काहीच नाही. दोन वर्षांनी अबशालोम अम्नोनचा वध करवतो, राज्यात यादवी माजते. आणि तामार? ती भावाच्या घरी उजाड होऊन राहिली, एवढेच शास्त्र सांगते. मिस्सेतील प्रवचनांत दाविदाविषयी आम्ही पुष्कळ ऐकले. तामारेविषयी ऐकल्याचे स्मरत नाही.

हर्मनबाईंचा ग्रंथ या कथेतील मौनाविषयी आहे. आघाताचे ज्ञान माणसाला पुनःपुन्हा होते आणि पुनःपुन्हा त्याचा विसर पडतो, या विधानाने त्यांच्या इतिहासकथनास प्रारंभ होतो. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शार्को यांनी उन्मादाने पीडित स्त्रियांचा अभ्यास मांडला. 1896 साली फ्रॉईड यांनी अठरा रुग्णांच्या आधारे असा निष्कर्ष काढला, की या विकाराच्या मुळाशी बालपणी झालेले लैंगिक अत्याचार आहेत. पुढच्याच वर्षी ते या निष्कर्षापासून दूर गेले. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या सैनिकांना तशीच लक्षणे दिसू लागली, तेव्हा विषय पुन्हा ऐरणीवर आला आणि युद्ध संपताच मागे पडला. व्हिएतनाम युद्धातील सैनिक एकत्र बसून बोलू लागले, स्त्रियाही आपापल्या गटांत घरातल्या गोष्टी उघड करू लागल्या, आणि 1980 साली अमेरिकन मनोविकारशास्त्राने आघातोत्तर ताणविकाराला अधिकृत स्थान दिले. प्रत्येक वेळी एखाद्या सामाजिक चळवळीचे पाठबळ होते म्हणूनच सत्य ऐकले गेले, असे लेखिकेचे प्रतिपादन आहे. आपणा कॅथलिक वाचकांना येथे थोडे अवघडल्यासारखे होईल. कारण फ्रान्समधील त्या पहिल्या अभ्यासामागची चळवळ धर्मसत्तेच्या विरोधात उभी होती, असे त्या दाखवून देतात. हे पान उलटून पुढे जाण्यापेक्षा तेथे थांबणे बरे. पीडितेचे ऐकणारा पहिला कान आपल्या विरोधकांचा असेल, तर लाज वाटावी ती त्यांनी ऐकले याची नव्हे, तर आपण ऐकले नाही याची.

रचनेच्या दृष्टीने ग्रंथाचे सर्वांत मोठे बळ त्याच्या मांडणीत आहे. लेखिका सैनिकाची साक्ष आणि घरात मार खाणाऱ्या स्त्रीची साक्ष एकाच पानावर शेजारी शेजारी ठेवतात. युद्धकैदी, छळछावणीतून वाचलेला माणूस आणि बापाच्या वासनेस बळी पडलेली मुलगी यांच्या बोलण्यात तेच भय, तीच बधिरता, तीच झोपमोड, तेच स्वतःलाच दोष देणे आढळते. या शेजारामुळे वाचकाच्या मनातील एक भिंत कोसळते. सैनिकाला आपण वीर म्हणतो आणि स्त्रीला म्हणतो, घरची भांडणे चव्हाट्यावर आणू नकोस. हा दुजाभाव ग्रंथ कोठेही आरडाओरड न करता उघडा पाडतो. दीर्घकाळ, सुटकेचा मार्ग नसताना होणाऱ्या छळासाठी वेगळे निदान हवे, असा त्यांचा आग्रह होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या विकारसूचीत त्यास स्थान मिळाले.

सावरण्याचे तीन टप्पे त्या सांगतात. पहिला सुरक्षिततेचा, दुसरा आठवण व शोक यांचा, तिसरा माणसांत परत येण्याचा. हा क्रम हाच या ग्रंथाचा गाभा होय. शरीर सुरक्षित नाही, रात्रीच्या झोपेची शाश्वती नाही, दाराची कडी आपल्या हाती नाही, तोवर कोणाकडूनही तिची कहाणी वदवून घेऊ नये; घेतल्यास जखम पुन्हा उघडते. आणि कहाणी ऐकणारा तटस्थ असून चालत नाही. उपचारकाने आपली मते लादू नयेत, ही तांत्रिक तटस्थता. परंतु गुन्हा झाला आहे आणि तो हिने केलेला नाही, याविषयी नैतिक तटस्थता असूच शकत नाही, असा भेद त्या करतात. उपचारक हा साक्षीदार असतो. तामारेच्या कथेत राजा होता, भाऊ होता, दाराला अडसर लावणारा चाकरही होता. साक्षीदार मात्र कोणी झाला नाही.

ग्रंथातील उणिवांकडेही डोळेझाक करता येणार नाही. रुग्णांचे आवाज बहुधा चार-सहा ओळींत येतात आणि विरतात. एखादे आयुष्य सलग पाहावयास मिळत नाही. कुटुंब म्हणजे आई, बाप, मुले एवढेच गृहीत धरलेले आहे. सासू, दीर, चुलते, गावकी यांचा पसारा असलेल्या आपल्या घरांत सुरक्षितता कोठून आणावी, याचे उत्तर आपणच शोधावयाचे आहे. विस्मरणात गेलेल्या स्मृती उपचारात परत येतात, या मुद्द्यावर तर अमेरिकेत 1990च्या दशकात मोठे वादंग झाले. सूचना देऊन खोट्या आठवणी मनात उभ्या करता येतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे उतावळ्या उपचारकाच्या हाती हा ग्रंथ धोक्याचा ठरू शकतो. मात्र आपल्या समाजात घडते ते बहुधा याच्या उलट. येथे आठवण पेरली जात नाही, दाबली जाते.

आता पडद्यावरील त्या व्यक्तीविषयी. क्लिनिकल सोशल वर्कर ही डॉक्टर नव्हे. ती औषधे लिहून देत नाही. अमेरिकेत समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, त्यानंतर अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली दीर्घकाळ काम आणि परीक्षा, एवढे झाल्यावर राज्य सरकार तिला परवाना देते. या व्यवसायाचे नातेही आघाताशी जन्मापासूनचे आहे. मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ कॉलेजने 1918 साली समाजकार्याचे प्रशिक्षण सुरू केले, ते महायुद्धात मन खचलेल्या सैनिकांच्या शुश्रूषेसाठी. आदल्याच वर्षी मेरी रिचमंड यांच्या ‘सोशल डायग्नोसिस’ या ग्रंथाने या कार्याला शास्त्राची बैठक दिली होती. माणसाचे दुःख केवळ त्याच्या डोक्यात नसते, ते त्याच्या घरभाड्यात, कोर्टाच्या तारखेत, शेजाऱ्यांच्या जिभेवरही असते, ही समाजकार्याची दृष्टी. आपल्याकडेही ही विद्या परकी नाही. मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली आणि 1955 साली ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या संघाच्या धर्मभगिनींनी निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय सुरू केले. जो व्यवसाय आज आपल्या काही वडीलधाऱ्यांना संशयास्पद वाटतो, तो मुंबईत रुजवण्यात आपल्याच धर्मभगिनींचा वाटा आहे.

‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ म्हणजे आघाताची जाण ठेवून वागणारी. तुला काय झाले आहे, हे विचारण्याआधी तुझ्यावर काय ओढवले, हे विचारावे. अशिलाला विश्वासात घेतल्याशिवाय काही करू नये. निवड शक्य तेवढी त्याच्या हाती ठेवावी. आणि आपल्या मदतीनेच पुन्हा जखम होणार नाही ना, हे पाहावे. अमेरिकन शासनाच्या मानसिक आरोग्यविषयक संस्थेने 2014 साली ही तत्त्वे सूत्रबद्ध केली. त्यांच्या मुळाशी हर्मनबाईंचा पहिला टप्पा स्पष्ट दिसतो.

मग हे काम पडद्यावरून होऊ शकते काय? या प्रश्नाला ग्रंथानेच मापदंड पुरवला आहे: प्रथम सुरक्षितता. जाणती समाजकार्यकर्ती सत्राच्या आरंभीच विचारते, की आपण या क्षणी कोठे आहात, खोलीत वा घरात आणखी कोण आहे, संपर्क तुटला तर कोणत्या क्रमांकावर फोन करावा. तिचा परवाना राज्यापुरता असल्याने पहिला प्रश्न कायद्याचाही असतो. पण त्याचे खरे मोल असे, की संकट ओढवल्यास मदत कोठे धाडावयाची हे तिला ठाऊक राहते. कोणी अचानक खोलीत आल्यास विषय बदलण्यासाठी आधीच एखादा सांकेतिक शब्द ठरवून ठेवता येतो. पडद्याचे लाभही खरे आहेत. लहान गावात समुपदेशकाच्या दारापुढे कोण बसले होते, हे रविवारच्या मिस्सेपूर्वी सर्वांना कळते. पडद्यापाशी ती भीती नाही. आपल्याच खोलीत, आपल्याच खुर्चीत बसून बोलता येते, आणि नकोसे झाले तर एका बोटाने संभाषण थांबवता येते. ज्याच्यावर बळजबरी झाली, त्याच्या हाती एवढी सत्ता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु तोटेही तेवढेच खरे. पडद्यावर चेहरा दिसतो, थरथरणारे पाय दिसत नाहीत. बोलता बोलता माणूस आतून हरवून गेला, तर त्याला शेजारी बसून सावरता येत नाही. गुप्ततेचाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 साली ऑनलाइन समुपदेशन पुरवणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीवर, ग्राहकांची मानसिक आरोग्याविषयीची माहिती जाहिरातींसाठी इतर कंपन्यांना दिल्याबद्दल कारवाई केली आणि 78 लाख डॉलर भरावयास लावले. आणि सर्वांत मोठा तोटा असा, की भिंतीपलीकडे तोच माणूस बसलेला असू शकतो. तामारेला अबशालोमच्या घरात एखादा पडदा मिळाला असता, तरी ज्याने तिला गप्प बसावयास सांगितले, त्याच्याच छपराखाली तिला बोलावे लागले असते. पडदा खोलीत येतो. खोली सुरक्षित करणे मात्र घरच्यांनाच करावे लागते.

येथे आपल्या वाचकांना साहजिकच पापनिवेदनाची जाळी आठवेल. सोळाव्या शतकात मिलानचे संत चार्ल्स बोरोमियो यांनी ती जाळी असलेल्या पापनिवेदनपीठाचा पुरस्कार केला. मधे पडदा असला म्हणजे अवघड सत्य सांगणे सोपे जाते, हे ख्रिस्तसभेला शतकानुशतके ठाऊक आहे. तरी पडद्यावरील समुपदेशन म्हणजे नव्या रूपातील पापनिवेदन असे कोणी मानू नये. संस्काराला प्रत्यक्ष उपस्थिती लागते. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, असे व्हॅटिकनने 2002 साली इंटरनेटविषयीच्या आपल्या निवेदनात स्पष्ट केले आहे. पापनिवेदनाची गुप्तता अभंग असते, तर समुपदेशकाच्या गुप्ततेला कायद्याच्या मर्यादा असतात. मुलावर अत्याचार होत असल्याचे कळल्यास तिला ते कळवावेच लागते. आपल्या देशात 2012च्या पॉक्सो कायद्याने, अशा अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ते कळवण्याचे बंधन घातले आहे.

सर्वांत मोठा भेद मात्र याहून खोल आहे. ती जाळी पाप करणाऱ्यासाठी आहे. जिच्यावर पाप झाले, ती तेथे गुडघे टेकून कोणते पाप सांगणार? तिच्या मनात अपराधभाव असतो, पण अपराध नसतो. अशी व्यक्ती वर्षानुवर्षे क्षुल्लक पापे सांगत राहते आणि जे सांगावयाचे ते पाप नसल्यामुळे सांगण्यास जागाच मिळत नाही. संस्काराने तिला निराश केले असे आम्ही म्हणणार नाही. त्या संस्काराचा हेतूच वेगळा आहे. पण तिच्यासाठी दुसरी जागा आपण निर्माण केली नाही, हे मान्य करावयास हवे. पडद्यावरील समाजकार्यकर्तीने बळकावलेली अशी जागाच नव्हती; ती रिकामी होती.

क्षमेविषयी आमचा लेखिकेशी काही अंशी मतभेद आहे. आघात सोसलेल्या माणसाला दोन स्वप्ने पडतात, असे त्या म्हणतात: एक सूडाचे, दुसरे क्षमेचे. दोन्ही शोकाला टाळू पाहतात. अपराध्याने कबुली, पश्चात्ताप आणि भरपाई करून क्षमा मिळवावी लागते, तोवर खरी क्षमा संभवत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कॅथलिक वाचकाला यात अपरिचित काय आहे? पश्चात्ताप, पापनिवेदन व प्रायश्चित्त ही आपल्या संस्काराचीच अंगे होत. कोणा धर्मविरोधकाने नव्हे, तर एका मनोविकारतज्ज्ञाने आपल्याला आपल्याच धर्मशिक्षणाची आठवण करून द्यावी, यात एक प्रकारचा न्याय आहे. तरीही प्रभूने क्रूसावरून, ज्यांनी क्षमा मागितली नव्हती त्यांच्यासाठी क्षमेची प्रार्थना केली. संत स्तेफननेही तेच केले. क्षमा ही कधी कधी कृपा म्हणून, न मागता, येते. लेखिका या शक्यतेला पुरेसा वाव देत नाहीत. मात्र कृपा दुसऱ्याच्या वतीने मागून घेता येत नाही. क्रूसावर जो होता त्याने क्षमा केली. क्रूसाखाली उभ्या असलेल्या कोणी त्याला क्षमा कर असे बजावले नव्हते. आपण मात्र नेमके तेच करतो. घरात काही उघडकीस आले, की पहिल्याच दिवशी म्हणतो, तो तुझा काका आहे, झाले गेले विसर, क्षमा कर. असे सांगणाऱ्यांत आम्हीही होतो, आणि त्या वेळी आपण सुवार्तेचे बोलत आहोत असेच आम्हांस वाटत होते. ते शब्द अबशालोमचे होते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रूथ अँड रिपेअर’ या ग्रंथात हर्मनबाई हाच धागा पुढे नेतात. न्याय म्हणजे काय, असे त्यांनी पीडितांनाच विचारले. शिक्षेपेक्षाही त्यांना हवे होते ते, जे घडले ते घडले असे त्यांच्या समाजाने मान्य करणे. अपराध्याच्या कबुलीइतकीच, पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्यांची कबुलीही त्यांना मोलाची वाटते. पहिल्या ग्रंथातील तिसऱ्या टप्प्याचा, माणसांत परतण्याचा, अर्थ येथे पूर्ण होतो. पहिल्या ग्रंथात उपचाराची खोली आहे; या ग्रंथात त्या खोलीबाहेरचा गाव आहे.

आणि नेमका हा टप्पा कोणत्याही पडद्याला पेलणारा नाही. बॉस्टनमधील वा मुंबईतील समाजकार्यकर्ती सुरक्षिततेची आखणी करून देईल, शोकाच्या काळात सोबत करील. सणाच्या दिवशी अंगणात ज्या माणसांत वावरावयाचे, ती माणसे तिला बदलता येणार नाहीत. ते काम धर्मग्रामाचे आहे. आपल्या देशात 2022च्या ऑक्टोबरपासून ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे; संकटातील बालकांसाठी 1098 हा क्रमांक आहे. हे दोन आकडे प्रत्येक धर्मग्रामाच्या फलकावर, मिस्सेच्या वेळापत्रकाशेजारी, असावयास हवेत. घरातील कोणी दर आठवड्यास तासभर दार लावून बोलत असेल, तर त्या दारावर थाप न मारणे आणि बाहेर आल्यावर काय बोललीस असे न विचारणे, एवढे तर प्रत्येकाला करता येईल.

तामारेच्या कथेला एक छोटी पुरवणी आहे. पुढच्याच अध्यायात अबशालोमच्या मुलांचा उल्लेख येतो. त्याला एकच मुलगी होती, आणि तिचे नाव तामार ठेवले होते. बहिणीला गप्प बसवणाऱ्या त्या भावाच्या मनात काय होते, शास्त्र सांगत नाही. कदाचित ती त्याची कबुली असेल. पण ज्या तामारेला ती हवी होती, तिच्यापाशी जाऊन त्याने ती दिली किंवा नाही, याची नोंद कोठे नाही. हर्मनबाईंचा ग्रंथ मिटताना आम्हांस वाटले, आपल्या धर्मग्रामांतील ती नोंद अजून व्हावयाची आहे, आणि जिच्याविषयी ती व्हावयाची ती अजून हयात आहे.